माझ्या मागून या

शिंपीणबाई दवाखान्याच्या दारातून तिसऱ्यांदा माघारी वळल्या, तेवढ्यात बाकावरून कुणीतरी हुंदका दिला.

दिवसभर सुईशी खेळणाऱ्या या बाईंचे पाय टोचायची सुई दिसली की लटपटायचे. इकडे घरात नात महिन्याची झाली होती. "आई, लस घ्या, पंधरा दिवस जाऊ द्या, मग बाळ तुमचंच," असं सुनेनं बजावलं होतं. दुपट्यांचा ढीग शिवून झाला, पण नातीला दारातूनच बघायचं. जीव नुसता तीळतीळ तुटायचा.

बाकावर पहिलवानासारखा आडदांड म्हातारा बसला होता. मिशा अशा, की समोरचा आपोआप वाट सोडेल. आणि हा गडी चक्क थरथरत होता.

"आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नाही हो, ताई," तो म्हणाला. "मुलीच्या हट्टापायी आलो. जातो मी आपला घरी."

"एवढे धिप्पाड तुम्ही, आणि एवढ्याशा सुईला घाबरता? चला, माझ्या मागून या."

हे आपण बोललो, यावर बाईंचाच विश्वास बसेना. पण आता माघार कशी घेणार? बाही वर सारून त्या आत शिरल्या. सुई कधी टोचली, कधी निघाली, पत्ताच लागला नाही. सगळं लक्ष दाराकडे, म्हातारा पळतोय की काय म्हणून.

"तुम्ही निर्धास्त जा, त्यांचं मी बघते," नर्स म्हणाली. मास्कच्या वर तिचे डोळे हसत होते.

पंधरा दिवसांनी नात मांडीवर आली. तिनं आजीचं बोट मुठीत धरलं आणि बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या डोसला त्या ताठ मानेनं गेल्या. बाकावर तोच म्हातारा, तीच थरथर. शेजारी पांढराफटक पडलेला एक गवंडी.

"आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नाही हो, दादा. मुलीच्या हट्टापायी आलो."

"घाबरताय काय? माझ्या मागून या," म्हणत गवंडी छाती काढून आत गेला.

त्याला टोचून झाल्यावर नर्सनं बाहेर डोकावून पाहिलं. "बाबा, चहा घेऊन या पटकन. फाटकाशी पोस्टमन घुटमळतोय..." शिंपीणबाई दिसल्या तशी तिनं जीभ चावली.

बापलेकीचा डाव बाईंच्या ध्यानात आला. मग म्हाताऱ्याला हळूच म्हणाल्या, "या तुम्ही चहा घेऊन."

त्याच्या जागेवर त्या बसल्या. पोस्टमन दारात येताच त्यांचे हात थरथरू लागले.

"आयुष्यात कधी सुई टोचून घेतली नाही हो, भाऊ."