तीन बोटांचा ठसा

अनंताने ओढ्याकाठच्या चिखलात डावी मूठ दाबली, तिच्या वर चार बोटांची टोकं टेकवली आणि हात उचलला. मुंबईची मंडळी वाकून बघायला लागली.

"हा असा बिबट्या," अनंता म्हणाला. "गादी मोठी, बोटं चार. नखं उठली तर कुत्रा समजायचा."

फोटो निघाले. दिपिका नावाची एक मुलगी मात्र त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघत होती.

"काका, तुमची करंगळी?"

"गवत कापताना कोयत्याखाली गेली. लय वर्षं झाली."

ठाण्याचा स्वरूप दर रविवारी आटगाव स्टेशनवरून वीस-पंचवीस जणांना घेऊन यायचा. रान दाखवायचं काम अनंताचं आणि भाषणाचं स्वरूपचं. भाषणाची त्याला दांडगी हौस. अनंताच्या पळसपाड्याच्या वर वाघदेवाची शेंदूर फासलेली फळी होती आणि तिच्या शेजारी एक लहान दगड. तिथे सगळ्यांना बसवून स्वरूप आवाज खाली आणायचा.

"हा दगड अनंतादादांच्या मुलीचा. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ती लाकडं आणायला गेली आणि परत आलीच नाही. सापडलं ते फाटकं लुगडं आणि शेजारी बिबट्याचा एक ठसा, उजव्या पायाचा. त्याला बाहेरचं बोट नव्हतं. सगळा पाडा कोयते घेऊन त्या जनावरामागे निघाला. कोणी अडवलं त्यांना? या बापाने."

एका बाईने डोळे पुसले. अनंता खाली मान घालून गवताची काडी मोडत बसला. ही गोष्ट ऐकताना त्याला दर वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटे, पण स्वरूपला आवरणार कोण?

"तिचं नाव काय होतं?" दिपिकाने विचारलं.

"नाव घेत नाहीत," उत्तरही स्वरूपनेच दिलं. "बिबट्यालाही इथे वाघच म्हणतात. वाघाने नेलेलं माणूस वाघदेवाचं झालं. त्याचं नाव काढायचं नाही, त्याला शोधायला जायचं नाही. रीतच आहे पाड्याची."

त्या रविवारी भाषण पुरं झालं नाही. वनरक्षक हरेश धापा टाकत वर आला.

"अनंतादादा, उंबरमाळीला पिंजऱ्यात बिबट्या घावलाय. शेळ्या नेत होता. उजव्या पुढच्या पायाचं बाहेरचं बोट नाय त्याला. साहेबांनी तुला शहापूरला बोलावलंय."

अनंताच्या हातातली काडी खाली पडली.

शहापूरला जाताना जीपमध्ये त्याचा थोरला भाऊ धर्मा शेजारी बसला. पाड्यात धर्माच्या शब्दापुढे कोणी जात नसे. अनंताच्या पोरीचं लग्नही मुरबाडकडे त्यानेच जमवलं होतं. मुलगा तिला पसंत आहे का, हे विचारायची गरज तेव्हा कोणाला वाटली नव्हती.

"आता सोडायचा नाय त्याला," धर्मा म्हणाला. "तू फकस्त हो म्हण. तेवा तुझं ऐकलं, आता नाय ऐकायचं."

अनंताने तोंड बाहेर रानाकडे वळवलं.

वन कार्यालयाच्या मागच्या आवारात नळाशेजारी पिंजरा होता. जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. गजांवर धडका मारून त्याचं नाक फुटलं होतं. पंज्याला फाशाची जुनी जखम होती, बोट त्यातच गेलेलं. अनंताला ते बघवेना.

साहेब नवीन होते, पण माणूस समजूतदार. त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं प्लॅस्टरचं पाऊल आणलं. सात वर्षांपूर्वी लुगड्याजवळच्या ठशात प्लॅस्टर ओतून तेव्हाच्या वनरक्षकाने ते काढलं होतं.

"दादा, हे जुळतंय," साहेब म्हणाले. "माणूस नेणारा हाच ठरला, तर जन्मभर पिंजऱ्यात राहील. नाही ठरला, तर आज संध्याकाळी रानात सोडतो. हा ठसा पहिल्यांदा तुम्ही बघितलात. तुम्ही सांगा."

"हा तो नव्हं."

"कशावरून?"

"नव्हं, साहेब."

धर्मा दातओठ खात पुढे झाला. "खोटं बोलतोय, साहेब. जनावराची माया लागलीय त्याला. पोटच्या पोरीची नाय लागली."

साहेबांनी त्याला हाताने थांबवलं आणि अनंताकडे वळले. "तुमचं मन मोठं आहे, दादा. मी ऐकलंय. पण दयेवर जनावर सोडता येत नाही मला. पुरावा असेल तर द्या. नाहीतर सही करा."

हरेशने कागद पुढे केला. अनंताने पिंजऱ्याकडे बघितलं. बिबट्याने एकदा डोळे उघडले आणि मिटले. सात वर्षं न केलेल्या गुन्ह्याचा डाग घेऊन हिंडणारं जनावर.

"साहेब, माझ्या भावाला च्या पाजून आणा. सकाळपासून उपाशी हाय."

साहेबांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हरेशला खूण केली. नको नको म्हणत धर्मा हरेशबरोबर फाटकाबाहेर गेला.

अनंता नळाखालच्या चिखलात उकिडवा बसला. या वेळी त्याने उजवी मूठ दाबली. तिच्या वर तीन बोटांची टोकं टेकवली आणि हात उचलला.

साहेब वाकले. हातातलं प्लॅस्टरचं पाऊल त्यांनी त्या ठशात ठेवलं. ते नेमकं बसलं.

साहेबांनी अनंताच्या उजव्या हाताकडे बघितलं. बाहेर चहाच्या टपरीवर धर्माचा आवाज चढला होता. अनंताने ते पाऊल उचलून साहेबांच्या हातात दिलं, तळव्याने चिखल सारखा केला आणि हळूच म्हणाला,

"पोरीला दोन लेकरं हायत, साहेब."