पिवळा रंग

नलूचं लग्न झालं, त्या वर्षी गावातला डॉक्टर जाऊन यंत्र आलं होतं. प्रत्येकाने दर सोमवारी चेहऱ्याचा फोटो पाठवायचा. रंगावरून यंत्र आजार ओळखायचं, आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय तालुक्याचा दवाखाना कुणाला आत घेत नसे. फोटो काढायचा नलूचा काका विश्राम, आपल्या स्टुडिओत.

रविवारी हळद झाली. सोमवारी सकाळी नलूची आई सगुणावहिनी आल्या.

"भावजी, जरा उजळ करा हं. यंत्राला वाटू दे, नवरी मीच!"

"वहिनी, आधी तोंड तरी धुऊन यायचं! हळद तशीच आहे."

विश्रामने हसतहसत फोटोतला पिवळा रंग उतरवला, डोळे पांढरे केले, उजेड वाढवला. लग्नाच्या फोटोंना तीस वर्षं तो हेच करत आला होता. यंत्राने कळवलं, 'प्रकृती ठणठणीत.'

बुधवारी वहिनी न्हाऊन ओसरीवर बसल्या होत्या. हळद धुऊन गेली होती, तरी चेहरा पिवळाच होता, आणि डोळेही. विश्रामने धावत जाऊन मूळ फोटो पाठवला.

'या आठवड्याचा फोटो मिळाला आहे. पुढचा सोमवारी पाठवा.'

त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर. भावाने वहिनींना गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तर फाटकावरच चिठ्ठी मागितली.

सगुणावहिनी रविवारी सकाळी वारल्या.