फुसका ब्रेक

"दाब!" पिकअपच्या पुढच्या चाकाशी उताणा पडलेला राजकुमार ओरडला.

"दाबला!" ड्रायव्हरच्या सीटवरून त्याची बायको पुष्पा त्याहून मोठ्यानं ओरडली.

"धरून ठेव!"

त्यानं चाकामागचं निपल पान्यानं सैल केलं. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली, थोडी त्याच्या मिशीवरही आली, आणि त्यानं निपल पुन्हा आवळलं. ब्रेकमधली हवा अशीच काढतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं हवा सोडायची. सकाळपासून नवरा-बायकोचं हेच चाललं होतं. पुष्पानं पुन्हा पाय ठेवला. पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं.

"नाई लागून राह्यला!"

लिंबाखाली बंजारा तांड्यातल्या बाया नटूनथटून उभ्या होत्या. फेटियांचे घागरे, कांचळीच्या चोळ्या, त्यावरचे आरसे, सगळं उन्हात लखलखत होतं. दारव्ह्याला होळीच्या लेंगी गाण्यांची स्पर्धा होती आणि तांड्यातल्या बायांनी पहिल्यांदाच नाव दिलं होतं. पुढं होऊन गाणार होती पुष्पा. नगारा गाडीत केव्हाच बांधून झाला होता. ब्रेकचे पॅड काल राजकुमारनं स्वतःच बदलले होते, त्यासाठी पॅड धरणारे पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर खोलले होते. मेकॅनिक कायले पाह्यजे, असं म्हणाला होता. बायांनी आता त्यावरच लेंगी रचली. राजकुमारची गाडी चालते झोकात, थांबते मात्र देवाच्या भरवशावर! टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. राजकुमारचे कान लाल झाले होते, पण आतून त्यालाही हसू फुटत होतं.

"बापा, नेजो ना हळूहळू," सगळ्यांत म्हातारी बसंतीबाई म्हणाली. "गेरवर उतरव. आमचा नंबर निघून जाईन."

"घाट हाये ना मावशी."

"घाटाले काय भेते? आमी काय रोज मरतो?"

बाया खदखदून हसल्या. राजकुमारनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुष्पाकडे. महिनाभर ती भाकरी थापताना, कापूस वेचताना गात होती. तिला न्यायचंच, असं त्याच्या मनात पक्कं झालं होतं, आणि असल्या वेळी माणसाची अक्कल बाजूला बसते.

"चला," तो हात पुसत म्हणाला. "हँडब्रेक तं हाये."

बायांनी एकच गलका केला. बसंतीबाईनं तर एक पाय गाडीत टाकलाही. पुष्पा मात्र खाली उतरून चाकाशी उकिडवी बसली. जायची सगळ्यात घाई तिलाच होती. तरी ती त्या निपलकडे पाहतच राहिली.

"आपल्या वावरात ठिबकाच्या पाइपाची हवा कुठून निघते?" तिनं विचारलं.

"आता ठिबक कायले काढलं?"

"सांगा ना."

"टेकाडावरच्या व्हॉल्व्हातून. हवा वरच चढते न."

"मंग याचं तोंड खाली काहून हाये?"

राजकुमार वाकला. निपल जमिनीकडे पाहत होतं. तो धावत पलीकडच्या चाकाशी गेला. तिथंही तेच. हवा वर दडी मारून बसली होती आणि तो सकाळपासून खालून तिची वाट पाहत होता. त्यानं कपाळावर हात मारला. त्याची काळी पाची बोटं कपाळावर उमटली.

"उजवा कॅलिपर डावीकडं, डावा उजवीकडं! दोन्ही एकाच घमेल्यात धुतले तू!"

"धुतले मी. बसवले कोनं?"

बायांना आणखी एक कडवं मिळालं.

मग मात्र त्याच्या अंगात वारं शिरलं. चाकं उतरली, कॅलिपर आपापल्या जागी गेले, निपलांची तोंडं आभाळाकडे झाली. ब्रेकच्या टाकीत नवं ऑइल ओतलं. दाब, दाबला, धर, धरला! या वेळी निपलातून बुडबुडे असे फसफसून आले की पुष्पा किंचाळलीच. आणि एकदम पेडल तिच्या पायाखाली टणक झालं.

"लागला! व माय, लागला!"

लिंबाखाली नगाऱ्याशिवायच नाच सुरू झाला, आणि नाचता नाचताच बाया गाडीत चढल्या.

"उतरा सगळ्या," राजकुमार म्हणाला. "आधी उतारावर पाहू दे मले."

तांड्याचा रस्ता पुढं सरळ नाल्यात उतरतो. बसंतीबाईही कुरकुरत खाली उतरून बाजूला झाली. राजकुमार स्टेअरिंगवर बसला. पलीकडचं दार उघडून पुष्पा आत शिरली.

"तू बी उतर."

ती हलली नाही. पदर खोचून समोर बघत बसली. भांडायला वेळ नव्हता. त्यानं गाडी सोडली.

उतारावर पिकअप सुसाट निघाली. वर बायांचा आवाज बंद पडला. नाल्याचे दगड मोठे मोठे होत गेले. राजकुमारनं पाय दाबला. चाकं करकचून थांबली, धुळीचा लोट गाडीच्या पुढं निघून गेला, आणि वरून अशी आरोळी उठली की लिंबावरचे बगळे उडाले.

बाया घागरे सावरत धावतच खाली आल्या. सगळ्यांच्या मागून धापा टाकत आलेल्या बसंतीबाईनं खिडकीतून हात घालून पुष्पाचा कान धरला.

"याडी ये, माय व! ब्रेक लागला नसता तं? तू कायले बसली व आत?"

पुष्पा हसत होती. डोळे मात्र भरले होते.

"नाल्यात जाऊन पडले असते हे," ती म्हणाली, "तं यायले शिव्या द्याले तिथं कोन असतं?"