गाळातली झोप

तळं आटलं तसं गाव गाळात झोपायला उतरलं. मरळ माशाचे गुण सुईनं टोचून घेतल्यापासून माणसंही मरळीसारखी चिखलात दबून, वरची हवा घेत पावसाची वाट बघत. टँकरवरची भांडणं मिटली. फक्त घरटी एकानं जागं राहून बाकीच्यांची श्वासाची भोकं मोकळी ठेवायची. हे काम दरसाल सगुणाच्याच गळ्यात पडे.

यंदा तिनं नवऱ्याला, भिवाला, फावड्यानं उकरून काढलं.

“आला पाऊस?” भिवानं विचारलं.

“नाही. यंदा तुम्ही जागे राहा. मला झोप हवीय.”

“अगं, मला स्वयंपाक कुठं येतो?”

“शिका. पाऊस यायला वेळ आहे.”

ती त्याच्या गारेगार खड्ड्यात शिरली. भिवानं वर चिखल लोटला, भोक पाडलं आणि वाकून विचारलं, “मिठाचा डबा कुठंय गं?”

भोकातून घोरणं आलं.