काही दुखत नसलेली बाई

“चकार शब्द काढायचा नाही. बोलता न येणारी पेशंट आहेस तू,” पलंगावर निजलेल्या बायकोला इस्पितळात नर्स असलेल्या ब्रदरने बजावलं.

“नवऱ्यांच्या सोयीचं दिसतंय हे शिक्षण,” ती म्हणाली. समोरच्या लॅपटॉपमधल्या चौकटींत हशा पिकला. ठिकठिकाणच्या इस्पितळांतल्या नर्स आपापल्या घरून बघत होत्या. शिकवणाऱ्या मॅडमही हसल्या.

पेशंटला बोलता येत नसेल तर नुसतं वागणं बघून दुखणं ओळखायचं, असा आजचा धडा होता. चेहरा बघायचा, हात बघायचे, श्वास बघायचा आणि सगळ्यांनी त्या दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. घरातल्याच कुणाला तरी पेशंट करायचं. त्याला दुखतंय की नाही ते आधी घरात ठरवायचं, बाकीच्यांना कळू द्यायचं नाही. ब्रदरने सोपा पेशंट निवडला होता. “तुला काहीच दुखत नाहीये. नुसती पडून राहा,” असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं.

त्याने सराईत हातांनी तिला कुशीवर वळवलं, परत उताणं केलं आणि शून्य गुण देऊन मोकळा झाला. उत्तर ठाऊकच होतं, मग बघायचं कशाला?

“ब्रदर, शून्य?” मॅडमचा आवाज चढला. “बाकी सगळ्यांनी सात-आठ दिलेत. वळवताना तुमच्या पेशंटने श्वास रोखला. दातांवर दात घट्ट धरले. उजवा हात बरगडीखालून हलला नाही. वॉर्डात असंच बघता का?”

“वहिनी, नाटकात जायला हव्या होतात तुम्ही!” एक नर्स म्हणाली.

“मॅडम, हिनेच घोळ घातला,” ब्रदर हसत म्हणाला. “अहो, हिला मी काही दुखत नसलेली बाई करायला सांगितलं...”

वाक्य पुरं झालं नाही. चौकटींतलं हसू एकेक करत मावळलं. मॅडमनी चष्मा काढला.

ब्रदर वळला. बायकोचा उजवा हात अजून बरगडीखालीच होता. डाव्या मुठीत चादरीचा चोळामोळा झाला होता.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

तिने मूठ सोडली, चादर तळव्याने सारखी केली. त्याच्याकडे न बघता ती लॅपटॉपला म्हणाली, “मॅडम, माझ्यामुळे यांना नापास नका हं करू.”