सहावा प्रवासी

चंदीगडच्या त्या गॅलरीत फोटोंशेजारचा मजकूर विनया लिहायची. सेक्टर ४३च्या बस स्टँडचा तो फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा होता. त्यात पाठमोरे पाच प्रवासी उभे होते, पण घाईत तिनं ‘सहा प्रवासी’ लिहिलं आणि तसंच कार्ड भिंतीवर लागलं. दुसरं छापून घेऊन ती सकाळीच आली.

लावण्याआधी खात्री म्हणून तिनं मोजले. सहा होते.

सहाव्याच्या अंगात तपकिरी स्वेटर होता. कोपराला निळ्या लोकरीचं ठिगळ होतं. ते तिनंच रविवारी लावलं होतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. सौमित्र डेराबस्सीच्या कारखान्यात जायला रोज तिथूनच बस पकडायचा.

“अगं, स्टँडवरच आहे. बसच येईना. आणि इथं हाक मारली तरी कुणी मागे वळून बघत नाहीये.”

“तू वळ! सौमित्र, आधी मागे वळ!”

“वळताच येत नाहीये गं.”

तेवढ्यात मॅनेजरनं तिच्या हातातलं ‘पाच प्रवासी’चं कार्ड घेऊन भिंतीवर दाबून चिकटवलंसुद्धा. “लो जी मॅडम, गलती ठीक हो गई.”

फोनमधून स्टँडचा गलबला तसाच येत होता, सौमित्रचा आवाज मात्र त्यात नव्हता. विनयानं डावीकडून मोजायला सुरुवात केली आणि ती पाचावर थांबली.