हात लावू नका

जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली आणि गोरख मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. आयटीआयमध्ये फिटर घडवणारे मास्तर आता फळ्यापाशी उभे असतानाही मान चाचपू लागले. गाठ रोज थोडी मोठीच लागे, दुखेही.

"पोरांना काय शिकवता?" बायको योगिता हसून म्हणे. "नट घट्ट आहे का बघायला सारखा पिळला, तर आटे जातात ना? घालवा आता मानेचे आटे!"

जव्हारच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितले. "किडलेल्या दाढेमुळे आलेली साधी गाठ आहे. सुजली ती तुमच्या दाबण्याने. हात लावू नका, बसेल."

पोशेऱ्याला परतताना जीपमध्ये मास्तरांचा हात पुन्हा मानेकडे गेला. योगिताने तो मध्येच पकडून आपल्या मांडीवर दाबून धरला. घाटातल्या वळणांवरही तिने तो सोडला नाही. निदान हिला तरी भीती नाही, या विचाराने मास्तरांना धीर आला.

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिले. डोळे मिटून, ओठ हलवत, योगिता त्यांच्या मनगटावर नाडीचे ठोके मोजत होती.